इन्सुलीचा नाका आणि २७० क्रमांकाची हद्द

सावंतवाडी तालुक्यातलं इन्सुली बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते मुंबई-गोवा महामार्गावरच्या तपासणी नाक्यामुळे. गोव्याकडून आलेला टेम्पो बाजूला घेतात, ताडपत्रीची दोरी सोडायला लावतात, वरचे भाजीचे क्रेट उतरवतात आणि खालची खोकी ठोकून बघतात. मागे खोळंबलेल्या गाडीतले पर्यटक तेवढ्यात एकमेकांना सांगून मोकळे होतात, "चला, लागला महाराष्ट्र."

हद्दींविषयीचे असे कितीतरी समज या पट्ट्यात घट्ट बसले आहेत. आपला मतदारसंघ कुठे सुरू होतो, त्याला हे नाव का, तो कोणी आखला, यावर निवडणूक आली की पारावर आणि एसटीत भरपूर बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. याची मला काळजी वाटते. नावांवरून आपण हिरिरीने भांडतो आणि आकड्यांकडे बघत नाही. सिंधुदुर्गाचं जे गेलं, ते आकड्यांत गेलं आहे.

गैरसमज : इन्सुलीचा नाका आला की राज्याची हद्द आली.

इन्सुलीच्या पुढे बांदा आहे, बांद्याच्या पुढे महाराष्ट्राची शेवटची घरं आणि त्यानंतर पत्रादेवी, म्हणजे गोवा. उत्पादन शुल्क खात्याचा नाका गाड्या तपासण्यासाठी असतो. राज्याची सीमा त्याच्यामुळे ठरत नाही.

याचंच एक भावंड म्हणजे तेरेखोल नदी ही हद्द असल्याचा समज. खाली समुद्राकडे बऱ्याच अंतरापर्यंत तो बरोबर आहे, पण मुखाशी जाऊन चुकतो. नदीच्या उत्तर तीरावरचा, म्हणजे आपल्या रेडीच्या बाजूचा तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव गोव्यात आहे, पेडणे तालुक्यात. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये हा किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला आणि पुढे तो त्यांच्याकडेच राहिला. खुद्द पेडणे महालही सावंतवाडीकरांचाच होता. तो १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. जुन्या लढाया आणि तहांनी पडलेली ती रेघ आज सावंतवाडी विधानसभा मतदारसंघाची दक्षिण हद्द झाली आहे. मतदारसंघ आखणाऱ्या आयोगाला राज्याची सीमा ओलांडता येत नाही आणि राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने फक्त संसदेला दिला आहे.

या रेघेच्या दोन बाजूंना मताचं वजन किती वेगळं आहे, हे एकदा मांडून बघावं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि तिथे ४० आमदार आहेत. म्हणजे सुमारे साडेछत्तीस हजार माणसांमागे एक आमदार. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ आणि आमदार तीन, म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार माणसांमागे एक. पेडण्याच्या माणसाला त्याचा आमदार बाजारात भेटतो. इन्सुलीच्या माणसाला तो गाठावा लागतो. गोवा श्रीमंत आहे किंवा दिल्लीचा लाडका आहे म्हणून हे झालं, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. कारण घटनेत आहे. राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत, हा सर्वसाधारण नियम. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं तेव्हा ३७१-झ या अनुच्छेदाने त्या छोट्या राज्यासाठी हा आकडा किमान ३० वर आणला. स्वतंत्र राज्य म्हटलं की स्वतंत्र विधानसभा आली, आणि ती चालवायला पुरेसे सदस्यही आले.

गैरसमज : सावंतवाडी मतदारसंघ म्हणजे सावंतवाडी तालुका.

मतदार ओळखपत्राची मागची बाजू बघा. तिथे विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव छापलेलं असतं : २७०, सावंतवाडी. या २७० मध्ये सावंतवाडीबरोबर दोडामार्ग आणि वेंगुर्ले हे तालुकेही येतात. वेंगुर्ल्याच्या बंदरावर पारंपरिक मच्छीमारांचं पर्ससीन नौकांशी भांडण, रेडीला लोहखनिज, आंबोलीला घाट आणि पाऊस, दोडामार्गात तिलारीचं धरण आणि काजूच्या बागा तुडवणारे रानटी हत्ती, हे सगळं एकाच आमदाराच्या वाट्याला येतं. नाव मात्र एकाच गावाचं.

सातबारा तालुक्यात निघतो आणि मत मतदारसंघात पडतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो. एकाच इन्सुलीवरून निवडणुकीच्या पाच रेघा जातात : ग्रामपंचायतीचा प्रभाग, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट, विधानसभा आणि लोकसभा. कागदोपत्री गटाला निवडणूक विभाग म्हणतात आणि गणाला निर्वाचक गण. एका गटात दोन गण असतात, म्हणून सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेचे ५० सदस्य आणि जिल्ह्यातल्या पंचायत समित्यांचे मिळून १००. या पाचही रेघा एकच अधिकारी एकाच वेळी मारत नाही. गट बदलला म्हणजे विधानसभा मतदारसंघ बदलला, असं होत नाही.

लोकसभेचा क्रमांक ४६, नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग. जोडनाव ऐकून वाटतं, दोन्ही जिल्हे सगळेच्या सगळे आत असणार. पण रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभेत आहेत. आणि रायगड जिल्ह्यातले पनवेल, कर्जत, उरण घाट चढून मावळ लोकसभेत गेले आहेत, पिंपरी-चिंचवडच्या शेजारी. राज्यात लोकसभेचे ४८ मतदारसंघ, प्रत्येकात विधानसभेचे सहा, एकूण २८८. सहाचा संच पुरा करताना जिल्ह्याचा काठ तुटतो.

गैरसमज : नाव ज्या गावाचं, मतदारसंघावर हक्क त्या गावाचा.

बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये राजापूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच निवडणुका मधु दंडवते याच राजापुरातून जिंकले. नंतर सुरेश प्रभूही तिथलेच खासदार. त्यामुळे जुन्या बातम्या वाचणाऱ्या तरुणाला वाटतं, ही सगळी राजापूरची माणसं. नाथ पै वेंगुर्ल्याचे. दंडवत्यांचा जन्म अहमदनगरचा. आणि त्यांना निवडून देणाऱ्यांत सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, देवगडचा मतदार होता. राजापूर हे त्या लांबट मतदारसंघाच्या वरच्या टोकाकडचं गाव.

हे नाव पडलं तेव्हा सगळाच रत्नागिरी जिल्हा होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि राजापूर पलीकडे रत्नागिरीत राहिलं. तरीही त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ सिंधुदुर्गाचा माणूस खासदार निवडायला राजापूरच्या नावाने मत देत होता. कुलाब्याचंही तेच. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण लोकसभा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीतही कुलाबाच होता. छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही २०२४ ची विधानसभा निवडणूक औरंगाबाद पूर्व, मध्य आणि पश्चिम याच नावांनी झाली. मतदारसंघाचं नाव परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या आखणीच्या, आदेशात लिहिलेलं असतं आणि नवा आदेश किंवा नवा कायदा येईपर्यंत ते तसंच राहतं. जिल्ह्याची किंवा शहराची पाटी बदलली म्हणून ते आपोआप बदलत नाही. रेघांचंही तसंच आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, पण मतदारसंघ आधीचेच राहिले.

मालवणकरांच्या मनात अजून सल आहे. शिवरायांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या पाण्यात आहे, जिल्ह्याला नाव त्या किल्ल्याचं, पण विधानसभेच्या यादीत मालवण नाही. १९९९ मध्ये नारायण राणे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते मालवणचे आमदार होते. २००९ मध्ये तेच कुडाळचे आमदार म्हणून निवडून आले. मालवण तालुका कुडाळ मतदारसंघात गेला होता. लोक आजही कुडाळ-मालवण असंच म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात जो हक्क आहे तो मला पटतो. पण नाव गेलं म्हणून मालवणच्या माणसाचं मत हलकं झालेलं नाही. ते हलकं झालं असेल तर वेगळ्या कारणाने. त्याकडे येतोच.

आपल्याकडे मतदारसंघाला गावाचं नाव देतात. ऑस्ट्रेलियात संघीय निवडणूक विभागांना बरेचदा माणसांची नावं असतात. कर्टिन आणि चिफली या दोन पंतप्रधानांच्या नावांचे विभाग तिथे आहेत. आपल्या पद्धतीत गावाच्या नावामागचा इतिहास आपसूक मतपत्रिकेवर येतो. सावंतवाडीचं जुनं नाव सुंदरवाडी. सावंत-भोसले घराण्याची राजधानी, म्हणून सावंतांची वाडी. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, गादी गेली, नाव मतदारसंघावर राहिलं. मालवणच्या नावाची व्युत्पत्ती जुन्या गॅझेटिअरने महालवण, म्हणजे मोठी खाजण, अशी दिली आहे. गावात विचाराल तर माडांचं बन म्हणून मालवण असं सांगतील. माझा कल खाजणीकडे आहे, कारण किनारा तसा होता.

क्रमांकाविषयी एवढंच सांगतो. २७० हा आकडा ऐकून "आपलो नंबर शेवटाक" असं म्हणणारे भेटतात. १९७८ ते २००४ च्या निवडणुकांत राज्यातला पहिला क्रमांक सावंतवाडीचाच होता. तेव्हा मोजणी दक्षिण कोकणातून सुरू होत होती. आता ती नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि जतला संपते. यात मान-अपमानाचं काही नाही.

गैरसमज : आपला चौथा आमदार राजकारण्यांनी पळवला.

२००८ पूर्वी सिंधुदुर्गात सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि देवगड असे चार मतदारसंघ होते. आता कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीन आहेत. चौथा कोणी घालवला, यावर प्रत्येक पक्षाच्या माणसाकडे एकेक नाव तयार असतं.

मतदारसंघ परिसीमन आयोग आखतो. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. बाकीचे दोन सदस्य निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, वेगळं मत नोंदवतात, पण त्यांना मतदानाचा अधिकार नसतो आणि निर्णयावर त्यांची सही चालत नाही. (जिल्हा परिषदेचे गट आणि नगरपालिकेचे प्रभाग ही वेगळी गोष्ट. तिथे २०२२ च्या कायद्याने रचनेचे अधिकार राज्य सरकारकडे आले आहेत. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि म्हणून संशय विधानसभेवरही येतो.)

राज्याच्या एकूण २८८ जागा गोठवलेल्या आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आधी आणि नंतर चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यांना हात लावायला मनाई केली. फक्त राज्याच्या आतल्या रेघा २००१ च्या जनगणनेवर नव्याने मारायच्या होत्या. आता हिशेब करू. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. तिला २८८ ने भागलं की एका जागेमागे ३,३६,३८४ माणसं येतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५. भागाकार २.५८. जवळचा पूर्णांक तीन. रत्नागिरीचा भागाकार ५.०४, म्हणून सातावरून पाच. खेड आणि संगमेश्वर गेले. ठाण्याची लोकसंख्या ८१,३१,८४९, भागाकार २४.१७, म्हणून तेराचे चोवीस झाले.

दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून अकरा जागा होत्या, त्या आठ झाल्या. तीन गेल्या आणि एकट्या ठाणे जिल्ह्यात अकरा वाढल्या. नालासोपारा, डोंबिवली, कल्याण आणि दिव्याच्या चाळींत आणि इमारतींत कोण राहतं, हे कोकणी माणसाला सांगायला नको. आमची जागा आमचीच पोरं घेऊन गेली, नोकरीसाठी, आणि ती तिथे मोजली गेली. यात कोणाचा डाव शोधण्यात वेळ घालवला की खरं दुखणं नजरेआड होतं. शिकलेल्या मुलाला तालुक्यात काम मिळत नाही, हे ते दुखणं.

आकडा असा ठरतो. आकडा ठरल्यावर जिल्ह्याच्या आत रेघ कुठून न्यायची, यात मात्र वाव असतो आणि त्याचे परिणाम मोठे असतात. नव्या रचनेतल्या पहिल्याच निवडणुकीत, २००९ मध्ये, कणकवलीचा निकाल अवघ्या ३४ मतांनी लागला. चौतीस मतं म्हणजे एखाद्या वाडीतली दहा-बारा घरं. ती वाडी रेघेच्या कोणत्या अंगाला पडते, यावर पाच वर्षांचा आमदार ठरू शकतो.

गैरसमज : मतदार यादीत नावं जास्त असली की जागा वाढतात.

जागा मतदारांवर ठरत नाहीत, लोकसंख्येवर ठरतात. पाळण्यातलं मूलही त्यात धरलं जातं. त्यामुळे मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याचं नाव गावच्या यादीत ठेवलं तर एखाद्या उमेदवाराला मत मिळेल, गावाला जागा मिळणार नाही.

शिवाय ते नाव तिथे असावं का, हाही प्रश्न आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत चालत नाही, एकाच मतदारसंघाच्या यादीत दोनदाही चालत नाही, आणि खोटं निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट बाजूही त्याच कायद्यात आहे : तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवास गमावत नाही. रोज सकाळी म्हापशाला किंवा पणजीला कामाला जाऊन रात्री इन्सुलीत परतणारा मुलगा इथलाच. तिकडे खोली घेऊन कायमचा राहिलेला तिकडचा.

जनगणनेच्या वेळेचाही विचार करायला हवा. चाकरमानी गावी येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. प्रत्यक्ष शिरगणती होते फेब्रुवारीत. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. तेव्हा घरी असतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेत जाणारी मुलं. सिंधुदुर्गात त्या वर्षी हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. २००१ मध्ये तर १,०७९. बायका जास्त जन्मल्या म्हणून हे घडलं नाही. पुरुष दुसऱ्या जिल्ह्याच्या कागदावर होते. गाव रोज चालवणाऱ्या या बायकांच्या संख्येवरच आज आपले तीन आमदार टिकून आहेत, हे सभेत बोलणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : मतदारसंघाचं आरक्षण दर निवडणुकीला फिरतं.

जिल्हा परिषदेच्या गटांचं फिरतं, सोडत निघते. विधानसभेच्या अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा परिसीमनात ठरतात आणि पुढच्या परिसीमनापर्यंत त्याच राहतात. सिंधुदुर्गातल्या तिन्ही जागा सर्वसाधारण आहेत. महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद करणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही त्यानंतरच्या जनगणनेशी आणि परिसीमनाशी बांधलेली आहे.

गैरसमज : एकदा आखलं ते आखलं, आता काय बोलून उपयोग.

गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झालेली आहे. जुना हिशेब २०११ च्या आकड्यांवर करून बघितला तर धडकी भरते. महाराष्ट्र ११,२३,७४,३३३, भागिले २८८, म्हणजे एका जागेमागे सुमारे ३,९०,१८९. सिंधुदुर्गाचा भागाकार २.१८ येतो. एकूण जागा वाढल्या तर चित्र बदलेल, पण राज्यात आपला वाटा कमी होत चालला आहे, हे बदलणार नाही. दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या एकोणीस हजारांनी घटली आहे.

आयोग अंतिम आदेश काढतो तेव्हा त्याला कायद्याचं बळ असतं आणि घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे न्यायालयात त्याला आव्हान देणं फार अवघड. म्हणून बोलायचं ते आधी. २००२ च्या कायद्यात आयोगाला आपले प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करावे लागत होते, हरकतींसाठी तारीख द्यावी लागत होती आणि जाहीर सुनावण्या घ्याव्या लागत होत्या. सहयोगी सदस्यांचं विरोधी मत असेल तर तेही छापावं लागत होतं. भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोय, हे निकष आयोगाला पाळायचे होते.

सिंधुदुर्गाने बोट ठेवायचं ते याच निकषांवर. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून दोडामार्गच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, एसटीच्या किती गाड्या बदलाव्या लागतात, साकव पाण्याखाली गेला की कोणती वाडी तुटते, हे दिल्लीतल्या नकाशावर दिसत नाही. ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून, गावाचा नकाशा जोडून, मुदतीच्या आत द्यावं लागेल. इन्सुली, बांदा आणि आसपासच्या गावांनी असे ठराव प्रस्ताव प्रसिद्ध होण्याआधीच तयार ठेवावेत. आणि फेब्रुवारीत प्रगणक दारात येईल तेव्हा घरात खरोखर राहणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत, त्याला नीट सांगावं.